एकट्यानं म्हणायचं गाणं

लिहिणं हे माझं काम नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि नाटकाबद्दल बोलावं इतकी नाटकंही मी पाहिलेली नाहीत. पण त्या संगीतिकेतली गाणी डोक्यातून जात नाहीत.

आमच्या कॉलेजनं ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत, सोलापूरच्या प्राथमिक फेरीत केली; अंतिम फेरी पुण्याला होती. दहावी-अकरावीतल्या पोरापोरींची गोष्ट. गाणी आमच्यातल्याच एका सीनियर मुलीनं लिहिली होती, दिग्दर्शनही तिचंच. आम्ही तिला ताई म्हणायचो. ‘ओठावर आली काळी रेघ, आई म्हणते, तोंड धू’ या गाण्याला तालमीतसुद्धा हशा यायचा. मला मात्र शेवटचं आवडायचं, आणि ते मला एकट्याला म्हणायचं होतं:

उंची मोजून झाली, वजन मोजून झालं,
आत काय वाढलं ते कुणी नाही पाहिलं.

‘पाहिलं’नंतर वाद्यं थांबायची, बाकी दिवे विझायचे आणि मी नुसतं उभं राहायचं. ताई म्हणायची, “पुढच्या ओळीची घाई करू नकोस. त्या शांततेलाच गुण आहेत.”

सुट्टीत वळसंगजवळच्या आमच्या वस्तीवर मी ते गुणगुणायचो. वडील, म्हणजे आबा, आणि चुलते तात्या बिरोबाच्या जत्रेत धनगरी ओव्या म्हणतात. एकानं ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी शेवटचा शब्द उचलून लांबवायचा, याला झील धरणं म्हणतात. मेंढरांमागं चालता चालता दोघांनी माझ्या गाण्यालाही झील धरली. मला बरं वाटलं. थिएटरातही ते असं करतील, हे मनात आलं नाही.

फेरीच्या दिवशी दोघं पटके बांधून पुढच्या रांगांत बसले होते. मी ‘पाहिलं’वर थांबलो. दिवे गेले, आणि अंधारातून दोन भरदार आवाज आले, “पाहिलं गाऽ पाहिलं...” सभागृह हसलं. विंगेत ताईनं कपाळाला हात लावला होता. झील संपेपर्यंत मी थांबलो आणि पुढची ओळ त्यांच्याच सुरात घेतली, कारण तालमीतला सूर मला सापडेना.

प्रयोग संपताच दुसऱ्या एका संघानं तक्रार केली. प्रेक्षकांत आपली माणसं बसवून गाऊन घेतलं, यांना बाद करा. आमचा निकाल राखून ठेवला. फोनवर कळवू, म्हणाले.

बाहेर आबा खुशीत होते. “मधी एवढा कशाला थांबलास? आमाला वाटलं इसरलास.”

“झील न्हाय धरली तर गाणं उगडं पडतं की,” तात्या म्हणाले. “वाचवलं तुला.”

“व्हय,” मी म्हणालो.

ताई तिथंच होती. तिनं तात्यांना पाण्याची बाटली दिली आणि निघून गेली.

मी त्यांच्याबरोबर वस्तीवर गेलो. तिथं रेंज फक्त बांधावर येते, म्हणून बांधावरच बसून राहिलो. संघातल्या एका मुलाचा मेसेज आला, ‘तुझ्या घरच्यांना आता काय म्हणायचं?’ तो मी पुसून टाकला.

आबा येऊन विचारायचे, “नंबर आला का रं?”

“न्हाय अजून.”

“आमी म्हटल्यालं ऐकलं असंल की त्यांनी?”

“ऐकलं.”

“मग येतोय नंबर. पुन्याला बी येतो आमी.”

मला त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला.

“बसलायस का?”

“उभा आहे.”

“ऐक. त्या गाण्याचे सगळे गुण कापले. तरी आपण पुढं गेलोय, अगदी शेवटच्या नंबरानं. आणि पुण्याला प्रेक्षकांतून एक जरी आवाज आला तर आपण बाद, असं माझ्याकडून लिहून घेतलंय.”