आधी वाच, मग चालव

हॅकिंग शिकतो म्हटलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपल्या पायानं घरी येतात! यवतमाळच्या आमच्या क्लासात तर रोज एखादा घडतोच. ऐकणारे पोट धरून हसतात. मला मात्र धास्ती वाटायची, कारण बीए करून मी या भानगडीत पडलो होतो आणि प्रोग्रामिंगचं मला ओ की ठो कळत नव्हतं.

*

बाभुळगावला घरी गेलो की लताआत्या हजर. एकदा तर सुनेचा मोबाईल घेऊनच आली.

"हे उघडून दे बरं बाबू."

"आत्या, आम्ही परवानगीशिवाय काही उघडत नसतो. पहिले वहिनीले विचार."

"तिले विचारता आलं असतं तं तुह्याकडं कायले आली असती मी!"

*

क्लासात पहिल्याच दिवशी सरांना विचारलं, "सर, प्रोग्रामिंग किती लागते?"

"लिहिणं येईन हळूहळू. पण दुसऱ्यानं लिहिलेलं वाचता आलंच पाहिजे."

मला हायसं वाटलं. मग सरांनी वाचायला एक प्रोग्राम दिला. दुपारभर त्याच्याकडे बघत बसलो.

"काय समजलं?"

"सर, इंग्रजीत आहे एवढं समजलं!"

सर हसले नाहीत. मी आणखीच घाबरलो.

*

माझा रूममेट प्रफुल्ल. त्याला वाचायचा भारी कंटाळा. नेटवरून आयता प्रोग्राम उतरवायचा आणि द्यायचा चालवून! एकदा सरांनी सरावासाठी एक कॉम्प्युटर नेमून दिला, म्हणाले, "यात घुसून दाखवा." प्रफुल्लनं आयता प्रोग्राम लावला, पण कुठं घुसायचं ती ओळ बदललीच नाही. तिथं आधीपासून 'हाच कॉम्प्युटर' असं होतं.

"घुसलो सर, घुसलो!" सगळा क्लास त्याच्याभोवती जमला. त्यानं ऐटीत एक फोल्डर उघडलं आणि डोकं खाजवलं.

"अबे, हे तं माह्याच बहिणीच्या लग्नातले फोटो होय!"

तेव्हापासून मी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागलो. प्रफुल्ल चिडवायचा, "पोथी वाचून राह्यला का बे?"

*

मग नागपूरला कॉम्प्युटर सुरक्षेच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू आला, दोघांनाही. बाबांनी गावभर सांगून टाकलं होतं, 'पोरगं लागलं नोकरीले.' आता रिकाम्या हातानं परत कसं जायचं? रात्रभर झोप नाही.

तिथं पाहतो तर जो तो आत आपला लॅपटॉप घेऊन जातोय आणि तोंड पाडून बाहेर येतोय. प्रफुल्लही आला.

"ऐन टायमाले बॅटरी गेली बे!" म्हणाला आणि चार्जर शोधायला पळाला.

मग माझा नंबर आला. आत इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी एक प्रोग्राम दिला. "चालवा आणि काय होतं ते सांगा."

"मॅडम, पहिले वाचतो."

त्या घड्याळाकडे बघायला लागल्या. मी बोट ठेवून वाचत गेलो. अर्धं डोक्यावरून गेलं. वाटलं, संपलं सगळं! पण तळाची एक ओळ कळली.

"मॅडम, हा नाही चालवत मी. यात लॅपटॉप बंद करायची ओळ आहे."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. "सोमवारपासून येता?"

मी हो म्हणणार तेवढ्यात दार उघडलं. धापा टाकत प्रफुल्ल आत आला.

"मॅडम, चार्जर भेटला! परत एकदा चालवू काय?"