हॅलवरच्या खांद्याची दुर्बीण

आर्डिस ट्वेट दुसऱ्याच्या रायफलीने कधी गोळी झाडत नसे. एप्रिलात बर्फ विरघळून गोफर, म्हणजे कुरणं पोखरणारे खारीएवढे प्राणी, बिळांबाहेर यायला लागले, की नदीकाठच्या निम्म्या रँचवाल्यांच्या गाड्या तिच्या अंगणात लागत. कुणाच्या रायफलीवरची दुर्बीण हिवाळ्यात हललेली, कुणाची नवी कोरी. "तूच दोन गोळ्या मारून बसवून दे की," असं कुणी म्हणालं तर ती विचारी, "माझा खांदा काय तुझ्या कुरणात येणार आहे?" आणि त्याला खुशाल चिखलात पालथं झोपवी.

चाळीस वर्षं तिने लोकांच्या भिंतींना नक्षीचे कागद चिकटवले होते. कानावर पेन्सिल आणि खिशात ओळंबा ही तेव्हाची सवय. आता गवताच्या कोठारापुढे, शंभर यार्डांवर, तुळईवरून तोच ओळंबा नारिंगी दोरीला लटकत असे. वाऱ्याने हलू नये म्हणून त्याचं पितळी वजन तिने जळक्या इंजिन तेलाच्या बादलीत सोडलं होतं. रायफल कुणाचीही असो, आधी त्या दोरीसमोर.

मारित स्वेनगार्ड शुक्रवारी आली ती चिडूनच. वडलांची रायफल तिने टेबलावर ठेवली आणि हात मात्र वरून काढला नाही.

"कॉफी घे," आर्डिस म्हणाली. "लेफ्साची पोळी आहे. लोणी कालचंच आहे, नाक मुरडू नकोस."

"शंभर यार्डांवर अगदी मधोमध लागते, आर्डिस. तीनशेवर दर वेळी तीन बोटं उजवीकडे. वारा असो नसो."

"गोफर किती रुंद?"

"तीनच बोटं. म्हणून तर!"

गेल्या उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या कुरणात गोफराच्या बिळात पाय जाऊन तिची घोडी पडली होती. नडगी मोडली, आणि मग जी गोळी घालावी लागते ती मारितनेच घातली. त्या घोडीचं शिंगरू आता वर्षाचं झालं होतं. कोठीतली वैरण संपली होती. रविवारी ते त्याच लसूणघासाच्या कुरणात सोडण्यावाचून इलाज नव्हता, आणि कुरण गोफरांनी चाळणीसारखं केलं होतं. जवळ गेलं की गोफर बिळात. मारायचे तर लांबूनच.

"तिकडे बिलिंग्ज शहरातला भाऊ म्हणतो, ही भिंतीला टांग आणि दुसरी घे," मारित म्हणाली.

"मग घे की."

"नाही." तिने रायफल जवळ ओढली. "तू सांग काय करू ते. फक्त दुर्बीण धरणाऱ्या या कड्यांच्या स्क्रूंना हात लावू नकोस. बाबांनी बसवलंय ते. त्यांच्यानंतर कुणी फिरवलेलं नाही."

हॅलवर स्वेनगार्ड नोव्हेंबरात गेला होता. आर्डिसने मान हलवली. "मी कशाला लावू हात? चल, झोप चिखलात."

रायफल रिकामी असल्याची तिने दोनदा खात्री करून घेतली. मारितने पालथं होऊन वाळूच्या पिशवीवर नळी टेकवली, गाल दस्त्याला लावला.

"दोरी दिसते?"

"दिसते."

"काचेतल्या फुलीची उभी रेघ तिच्यावर ठेव. बसते?"

मारितने बराच वेळ पाहिलं. कुरणात सगळं वाकडंतिकडं असतं, गवत, चढ, ढग. सरळ उभं असं काही नसतं, म्हणून हे तिला कधी दिसलंच नव्हतं. दुर्बिणीतली रेघ दोरीला खाली चिकटत होती आणि वर उजवीकडे सुटत होती.

"कललीय," ती म्हणाली. "बाबांनी वाकडी बसवली?"

"तुझ्या बापाने? माझ्याकडून ओळंबा मागून न्यायचा तो. आता दुर्बीण राहू दे. रेघ दोरीवर बसेपर्यंत रायफलच कलती कर."

मारितने रायफल हळूहळू डावीकडे, गालाकडे झुकवली. रेघ दोरीवर बसली खरी, पण दस्ता खांद्यात बसेना. तो बसवायला उजवा खांदा पुढे पाडावा लागला, कोपर बाहेर काढावं लागलं, हनुवटी छातीकडे ओढावी लागली. मग सगळं एकदम जुळलं.

मागून आर्डिस म्हणाली, "आता अगदी हॅलवर दिसतेस."

विशीत घोड्यावरून पडल्यापासून हॅलवरचा उजवा खांदा पुढे गळलेला होता. चर्चच्या बाकावर तो असा बसे, जणू शेजारच्या एखाद्या ठेंगण्या माणसाचं ऐकतोय. मारित त्या आकारात काही वेळ तशीच पडून राहिली. दुर्बिणीची काच धूसर झाली होती. तिने ती पुसली नाही.

"त्याने ती स्वतःच्या खांद्याला बेतली," आर्डिस म्हणाली. "त्याला ती सरळच होती. तू धरतेस ताठ. मग लांबच्या नेमासाठी तू दुर्बिणीवरची फिरकी चढवलीस की गोळी नुसती वर जात नाही, उजवीकडेही सरकते. जवळ कळत नाही, कारण तिथे फिरकी चढवावीच लागत नाही."

"मी अशीच वाकून मारली तर?"

"मारशील. दहा गोळ्यांत मान आखडेल. कुरणात गोफर किती आहेत?"

मारित उठून बसली. गुडघ्यावरचा चिखल तिने नखाने खरवडला. मग म्हणाली, "स्क्रू मीच सैल करीन."

"तू नाही तर मग कोण?"

आर्डिसने कानावरची पेन्सिल काढली. कडीवरून दुर्बिणीच्या नळीवर जाणारी एक बारीक रेघ तिने ओढली. "कागद लावायच्या आधी मी भिंतीवर अशी मारायचे. पुन्हा त्याच जागी यायचं झालं तर सापडावी."

मारितने स्क्रू सैल केले. रायफल आपल्या खांद्याला आपोआप येते तशी धरली आणि उभी रेघ दोरीवर येईपर्यंत दुर्बीण फिरवली. मग स्क्रू आवळले, एक इकडचा, एक तिकडचा, थोडे थोडे. शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडून नेम पुन्हा मधोमध आणला, फिरकीवरचं शून्य पुन्हा बसवलं. मग फिरकी चढवून तीनशे यार्डांवरच्या लोखंडी पत्र्यावर नेम धरला. पत्रा तळहाताएवढा होता. आवाज यायला क्षणभर लागला, पण आला. मधोमध पांढरा ठिपका.

"हं," आर्डिस म्हणाली. "आता फिरकी शून्यावर आण. विसरून घरी गेलीस तर उद्या ढगांना मारशील. तुझ्या बापाने एकदा सबंध सकाळ ढगच मारले होते."

मारितला हसू आलं, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा त्याच्या नावावर.

शनिवारी पहाटेपासून दुपारपर्यंत ती कुरणाच्या कडेला पडून होती. दर वेळी फिरकी चढवली, दर वेळी शून्यावर आणली. संध्याकाळी फावड्याने बिळं बुजवली, पायाने दाबली. रविवारी फाटक उघडलं तेव्हा शिंगरू आधी दारातच थबकलं, मग एकदम धावत सुटलं. ती श्वास रोखून त्याचे पाय बघत राहिली, ते पार पलीकडच्या तारेपर्यंत जाऊन वळेपर्यंत.

घरी येऊन तिने रायफल पुसली. पेन्सिलीची रेघ आता दोन तुकड्यांत होती, अर्धी कडीवर, अर्धी नळीवर, मध्ये तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं अंतर. तेलाचं फडकं तिने तेवढ्या जागेपुरतं वळसा घालून नेलं.