खटक्यात अडकलेली फ्लॅनेल

आमच्या शिंप्यांच्या धंद्यात अर्धं काम शिवण्याचं आणि अर्धं झाकण्याचं. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असेल तर तिथे आतून कापसाची गादी घालायची. पोट सुटलं असेल तर कोट पुढून दोन बोटं लांब ठेवायचा. कानडी मुलखातल्या आमच्या चामराजपेटेतल्या दुकानात हे मी वडिलांच्या हाताखाली शिकलो, आणि आरशापुढे उभं राहून गिऱ्हाईक स्वतःवर खूश झालं की मला वाटायचं, आपण देवाची चूक दुरुस्त केली. अशी हुशारी अंगात मुरलेला माणूस मुलीला शाळेत घालायला निघाला, त्याची ही हकिकत.

मुलगी सहा वर्षांची. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय बारीक राहिला. मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर होता: दोन लोखंडी सळया, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याशी एक खटका. बसताना खटक्याची कडी वर ओढली की गुडघा वाकायचा. उभी राहिली की कडी खाली पडायची, खट् असा आवाज व्हायचा आणि पाय ताठ व्हायचा. तो आवाज आला की घरात सगळ्यांना कळायचं, बाईसाहेब उठल्या.

काळ नव्वदीतला. अशा मुलांना बाकीच्यांबरोबरच शिकवावं, असं सभांमधून बोललं जाऊ लागलं होतं, पेपरातही येत होतं. पेटेतल्या शाळांपर्यंत ते आलं नव्हतं. पहिल्या शाळेने सांगितलं, इतर मुलं घाबरतील. दुसरीतल्या मास्तरांनी मला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि फार गोड शब्दांत सांगितलं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला या मुलांसाठी वेगळी शाळा आहे. तिथेच राहायचं, सणाला घरी यायचं. त्या शाळेचा फॉर्म मी आणला, भरला आणि मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तिसरी शाळाही नाही म्हणाली तर सोमवारी तो देऊन यायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. बायको त्या दिवसापासून त्या ड्रॉवरला हात लावीना.

माझी आत्या आमच्यातच राहायची. तिचाही पाय लहानपणीच्या तापात गेलेला. तिच्या वेळी गल्लीतले एक मास्तर घरी येऊन आजोबांना म्हणाले होते, पोरगी चलाख आहे, शाळेत पाठवा. आजोबा म्हणाले, लोक बघतील. विषय तिथेच संपला. मागच्या खोलीत काजं करत आत्या म्हातारी झाली. कन्नड वाचायला ती शिकली आमच्या कापणीच्या कागदांवरून. बाह्या आणि कॉलरींचे ते आकार जुन्या वर्तमानपत्रांचे असत. त्यामुळे जगातली कुठलीच बातमी तिला पुरती ठाऊक नसायची. प्रत्येक बातमी बगलेपाशी संपायची.

फॉर्मचं कळल्यावर ती हातातली सुई न थांबवता म्हणाली, "मला आत ठेवलं, हिला बाहेर ठेवताय. कुणाला दिसू नये, एवढंच ना तुमचं?"

मला राग आला. आणि मी तिच्या बोलण्यातून नेमका उलटा धडा घेतला: तिसऱ्या शाळेत काही दिसूच द्यायचं नाही.

आत्याने तिची एकुलती एक रेशमी साडी काढून दिली. पोर शाळेत जाते आहे म्हणून दिली. माझा बेत तिला माहीत नव्हता. मी त्या साडीचा लंगा, म्हणजे परकर शिवला, जमिनीला टेकणारा. बूटसुद्धा दिसेना. राहिला खटक्याचा आवाज. त्यावर मी कोटाच्या अस्तरातली फ्लॅनेल आणली आणि खटक्यात गुंडाळून बसवली. मुलगी उठली. आवाज नाही. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

"अण्णा, कडी खाली बसत नाही," ती म्हणाली. आमच्याकडे बापालाही अण्णाच म्हणतात.

"स्वल्प घट्ट आहे, बसेल," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी तिला कडेवर घेऊन शाळेत आम्ही आधीच जाऊन बसलो. काही झालं तरी उठायचं नाही, अशी मी तिला ताकीद दिली होती. मोठ्या बाई आत आल्या, ती उठली नाही. बाईंच्या कपाळावर आठी चढली. तरी त्यांनी अंक विचारले, अक्षरं विचारली, पेटेत बाजार कधी भरतो तेही विचारलं. ती कन्नडमध्ये धडाधड सांगत गेली. आठी उतरली. बाईंनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

"सरी, ठीक आहे," बाई म्हणाल्या. "आता फळ्यावर तुझं नाव लिही बघू."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी नजर छताकडे नेली. याहून मोठा भेकडपणा मी आयुष्यात केलेला नाही. ती उठली. उठल्यावर कडी बसली की नाही हे ती नेहमी हाताने चाचपते. लंग्यावरून ते जमेना. एक पाऊल टाकलं आणि गुडघा दुमडून ती फरशीवर आडवी झाली. लंगा वर सरकला, सळया दिसल्या.

बाई उभ्या राहिल्या. "हे तुम्ही मला सांगितलं नाही."

मी वाकून लंगा खाली ओढू लागलो.

"रोज अशी पडली तर कोण बघणार?" त्यांनी पेनाला टोपण लावलं.

डोळ्यांपुढे फॉर्मचा तो ड्रॉवर आला. मी म्हणायला लागलो, की फरशी जरा गुळगुळीत आहे, त्यातून रेशीम.

"अण्णांनी आत कापड घातलंय," मुलगी खालून म्हणाली. ती रडत नव्हती. मला ते बरंच जड गेलं.

मग मी फरशीवर बसलो. "बाई, ती पायामुळे पडली नाही. माझ्या शिवणामुळे पडली," एवढंच सुचलं. लंग्याचा घेर पट्ट्यांत गुंतला होता आणि खटक्यापर्यंत बोट जाईना. खिशात धाग्याची कात्री असतेच. मी काठापासून गुडघ्यापर्यंत रेशीम कापलं, मग गोल फिरवून काठ काढूनच टाकला. खोलीत तेवढाच आवाज. दारात कारकून येऊन उभा राहिला होता. फ्लॅनेल ओढून काढली आणि मी बाजूला झालो. तिला उठवायला हात पुढे केला, पण तिने तो झटकला.

टेबलाची कड धरून ती उभी राहिली. पाय झटकला.

खट्.

ती फळ्याशी गेली, नाव लिहिलं, हात झाडले, परत आली.

बाईंनी फळ्यावरचं नाव वाचलं. मग टोपण निघालं. "पहिल्या परीक्षेपर्यंत घेते. तिसरीचा वर्ग माडीवर आहे, ते तेव्हा बघू." लिहिता लिहिता त्यांनी लंग्याकडे एक नजर टाकली. "युनिफॉर्म गुडघ्यापर्यंत असतो. तुम्हीच शिवणार असाल तर सरळ कापा."

घरी आल्यावर साडीबद्दल आत्या काय म्हणेल या धास्तीने मी काठ पिशवीत दडवला. म्हणजे सकाळच्या धड्याचा परिणाम मोजून तासभर टिकला. तिने तो ओढून काढला, कापलेली कड पाहिली आणि म्हणाली, वेडंवाकडं कापलंस. मग फळ्यावर नाव कसं लिहिलं, ते मुलीकडून तीनदा ऐकलं.

"पहिल्या परीक्षेपुरतंच घेतलंय," मी म्हणालो.

"असू दे. तो फॉर्म आण."

मी ड्रॉवर उघडला. कागद चांगला जाड होता. तिने त्यावर खडूने युनिफॉर्मच्या कॉलरचा आकार आखला, कात्री उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. चष्मा लावून तो फॉर्म तिने पहिल्या ओळीपासून अगदी खालच्या ओळीपर्यंत सगळा वाचला. मग कापला.