भिरूड सरांना मंदीने काढलं नाही

अन्याय झाला तो सुधाकर भिरूड सरांवर, २००९च्या फेब्रुवारीत, स्पॉन्सरसमोरच्या सामन्याच्या सकाळी. मंदीत माणसं कमी केली, असं कॉलेज सांगतं. खोटं आहे. गेल्या महिन्यात जळगावहून सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला, "सर गेले रे..." आणि संध्याकाळी त्याच कॉलेजचा शोकसंदेश : 'आमचे लाडके कोच'. लाडके!

मी तेव्हा शारजाच्या त्या कॉलेजचा बेसबॉल पिचर. अल नहदाच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलच्या क्रिकेटवर वाढलेला, म्हणजे हाडाचा फास्ट बोलर. पहिला चेंडू सणसणीत, पुढचे ढेपाळलेले. सरांनी बघितलं आणि हसले. "भाऊ, रनअप कुठे शोधतोय? इथे एका पावलातच सगळं आणायचंय." ते वाळू ओली करून सपाट करायचे आणि माझं पुढचं पाऊल दरवेळी आधीच्याच ठशात पडतंय का, ते वाकून बघायचे. ठसा सरकला की कंबर उशिरा वळते, मग राहिलेला वेग कोपरातून ओरबाडावा लागतो. "एक चेंडू जोरात कुणीही टाकतो रे. शेवटचाही तसाच टाकून दाखव." त्या हिवाळ्यात माझा वेग टिकायला लागला.

आणि नेमकी त्या सकाळी वॉर्मअपला कोपरात कळ आली. सरांनी हातातला चेंडू काढून घेतला. मॅनेजर धावत आला. "यल्ला, चलो कोच, चार बॉल डालने दो. स्पॉन्सर गया तो टीम खलास!"

"और इसका एल्बो गया तो?"

तंबूच्या सावलीत आमचे आईबाप बसले होते. त्यातले एक काका म्हणाले, "सर, थोडं ॲडजस्ट करा ना, पोरांच्या स्कॉलरशिपचा प्रश्न आहे." बाकीचे गप्प. माझे बाबाही गप्प. सर माझ्याकडे वळले. "बॅग उचल. घरी जा."

दुपारी सरांना काढलं. व्हिसा रद्द, म्हणजे भारतात परत. स्पॉन्सर काही दिवसांनी गेलाच. पुढे ज्या शाळेने सरांची चौकशी केली, तिला कॉलेजने एकच सांगितलं : माणूस ऐकत नाही. पुन्हा मैदान मिळालं नाही. जळगावात मेहुण्याच्या रंगाच्या दुकानात बसायचे. फोन केला की पहिला प्रश्न, "कोपर कसंय?" धड आहे, सर... अजून टाकतोय.

आता हळहळणाऱ्यांनो, त्या तंबूत तुम्हीच होता. फुलं नकोत, दोन मिनिटं शांतता तर नकोच. शांत तेव्हाच बसलात. दुखावलेल्या पोराला खेळाबाहेर काढणारा कोच पुन्हा कधी मॅनेजरसमोर एकटा दिसला, तर सावलीतून उठा, त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि तोंड उघडा.