देवमनकाकाचं साल

भावांनो, आज इकडे हिंदी मुलखात, गुढियारीच्या गोदामात आमच्या मेसवाल्या दीदीची बारावीतली पोट्टी वही घेऊन आली. इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी तिले विचारायचं होतं, देवमनकाका हमालीले कोणत्या साली लागले. सालाशिवाय सर वही घेणार नव्हते, अन् उद्याच द्यायची होती.

आम्ही सगळे हमाल हसलो, "काका, तू काय राजा आहेस काय?"

काका म्हणे, "साल मले नाही माहीत. पोरगी रांगत होती तेव्हा."

पोट्टीनं विचारलं, "काका, आपकी बेटी की मार्कशीट होगी न?"

काकाच्या पोरीले फोन लावला. मार्कशीटवरची जन्मतारीख भेटली, पोट्टीनं रांगायचे महिने मिळवले अन् साल काढलं! मी पाहतच राहिलो.

मी तर सनावळ्यांच्या भीतीनंच सातवीत शाळा सोडली.

मी गाव सोडलं त्या दिवशी धाकटी बहीण पहिल्यांदा शाळेत गेली होती. आता ती कितवीत आहे, आईले फोन लावून विचारतो.

तुम्ही तुमचं साल कशावरून काढाल?