बिडी सुटली त्याच्या अठराव्या दिवशी
बिडी सुटली त्याच्या अठराव्या दिवशी तो उठेना, आणि त्याची आई सकाळीच माझ्या दारात उभी राहिली.

“तूच सोडाडी ना त्यानी बिडी? आते चाल, ऊठाड त्याले.”

मी सोनगीरची आशा सेविका. त्याला बरीच वर्षं मनाचा आजार. कानात आवाज यायचे, ते धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी गप्प झाले होते. बिडी मात्र दिवसाला दोन बंडलं. मी ती सोडवायला घेतली तेव्हा गाव हसलं. माझा राग तसाही नाकावर, म्हटलं, दाखवतेच. तलफ आली की त्याच्या हातावर फुटाणे ठेवायचे, गप्पा मारत बसायचे. आठवडाभरानं गोळ्या आणायला त्याच्यासोबत गेले, तरी डॉक्टरांना काही बोलले नाही. महिना पुरा झाला की सांगू म्हटलं. मिरवायचं होतं मला, दुसरं काय!

तो खाटेवर पडला होता. उशी लाळेनं भिजलेली. हाक मारली की डोळे अर्धे उघडायचे, परत मिटायचे. अक्कांनी, म्हणजे त्याच्या आईनं, बिडी आणि काडेपेटी आणून ठेवली होती. खरं सांगते, ती पेटवून त्याच्या ओठांत द्यावी असं मलाही वाटलं.

धुळ्याला जाताना रिक्षात त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी दर थोड्या वेळानं त्याच्या नाकाखाली बोट धरत होते. अक्का माझ्याकडे बघतही नव्हत्या. हा गेला तर मी मारला, एवढंच डोक्यात फिरत होतं.

डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, “बिडी बंद केली का यानं?”

मी मान हलवली.

“बिडीच्या धुरानं हे औषध अंगात लवकर संपतं. म्हणून डोस जास्त ठेवला होता. धूर थांबला, आता तेच औषध साचत गेलं. बिडी सोडली ते उत्तमच, ताई. पण मला सांगायचं ना!”

त्याला ठेवून घेतलं, गोळ्या कमी केल्या. चौथ्या दिवशी मी भीत भीतच वॉर्डात गेले. तो उठून बसला होता, चहा पीत होता. अक्कांनी त्याला सगळं सांगितलं असावं.

“मी तुले बठ्ठं सांगस,” तो शांतपणे म्हणाला. बठ्ठं, म्हणजे सगळंच. “तू डाक्टरले काबर नही सांगं?”