पाठीला डोळे लावलेलं जाकीट

वैभवी काळबांडेनं आजवर जे जे बनवलं ते अंगावर घालायचंच बनवलं. टेबलावर ठेवून बघत बसायच्या वस्तूंत तिला गोडी नव्हती. नववीत असताना तिनं आईसाठी बांगडी केली होती, दूध उतू जायला आलं की थरथरणारी. कल्पना झकास. पण तापमान ओळखणारा सेन्सर पातेल्याला, बांगडी आईच्या हाताला आणि मध्ये दीड हात वायर, म्हणजे दूध तापेपर्यंत आई, शामलाबाई, गॅसला बांधलेल्या. दोन दिवस त्यांनी हौसेनं घातली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "वैभे, मी दूधच पाहत जाईन वं. मले डोये आहेत."

मग अंधारात चमकणारी वेणीची पिन झाली, वाकून बसलं की पाठीत टोचणारा पट्टा झाला. यांत लागणाऱ्या, शर्टाच्या बटणाएवढ्या थरथरणाऱ्या मोटारी ती नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारातून मेलेले मोबाइल आणून त्यातून काढायची. प्रोग्राम स्वतः लिहायची. तीस-चाळीस ओळींचा, अमुक झालं तर तमुक कर, एवढाच. पोरगी हुशार होती, यात वाद नाही. पण हुशार माणसांना एक खोड असते. प्रश्न पुरता ऐकायच्या आत त्यांचं उत्तर तयार असतं. वैभवीला ती खोड भरपूर होती.

ती इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. राहायला नागपूरलगतच्या वाडी गावात, गोदामांच्या रांगेमागे दोन खोल्यांत. वडील रुपराव त्यातल्याच एका गोदामात सव्वीस वर्षं गाड्या लावायचं काम करत. हे काम काय ते सांगितलं पाहिजे. ट्रक उलटा येतो, ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. मागे उभा राहून "आन दे, आन दे" म्हणत तो माल उतरवायच्या ओट्याला नेमका नेऊन भिडवायचा, आणि भिडला की पत्र्यावर दोन थापा मारायच्या. रुपरावांच्या थापेवर ड्रायव्हर डोळे मिटून विश्वास ठेवत. या कामात एकच धोका. तुम्ही एक गाडी लावत असता तेव्हा पाठीमागून दुसरी येत असते, आणि ती फक्त ऐकू येते.

रुपरावांना ती ऐकू येईनाशी झाली होती.

सव्वीस वर्षं हॉर्न आणि इंजिनं खाल्लेले कान. डॉक्टर म्हणाले, नस वाळली. कानात घालायचं मशीन आणून पाहिलं, तर यार्डातला सगळा गोंगाट एकदम डोक्यात घुसे आणि घामानं ते आठवड्यात बंद पडलं. जानेवारीत कंपनीनं सगळ्यांचे कान तपासले, त्यात रुपराव नापास झाले. मॅनेजर मुकुंद पाटणकर नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातला, भला माणूस. त्याच्यावर रागावायचीही सोय नव्हती. त्यानं रुपरावांना लगेच काढलं नाही. मेअखेरपर्यंत काही उपाय करा, मी वर कळवतो, म्हणाला.

"साहेब काहीबाही लिहून दिवस काढते," रुपराव घरी सांगत होते. "पण मे झाला का झालं."

"गेटवर बसवा म्हणा न," शामलाबाई म्हणाल्या.

त्यांच्या ओठांकडे पाहून रुपरावांना निम्मं समजे. "गेटवर बी गाडीचा नंबर पुकारतेत वं. थो काय डोयानं ऐकू?"

वैभवी वायर सोलत बसली होती. वडिलांच्या समोर येऊन बसली आणि सावकाश म्हणाली, "बाबा, मी तुमच्या पाठीला डोये लावून देतो."

रुपराव हसले. कॉलेजात गेली तरी घरात ती 'देतो' म्हणे, मुलासारखं, याचं त्यांना भारी कौतुक होतं.

तर असं ते जाकीट झालं. जुन्या खाकी जाकिटाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, जाळीचे दोन गोल डोळे असलेला सेन्सर. एक डोळा आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो कशावर तरी आपटून परत आला की दुसरा झेलतो. किती वेळात आला त्यावरून अंतर कळतं. तीन मीटरच्या आत काही सरकत आलं की खांद्यांवरच्या दोन मोटारी थरथरणार. आतल्या खिशात बोर्ड आणि बॅटरी, बाहेर एक बटण, सुरू असल्याचा हिरवा दिवा. फेब्रुवारीत कॉलेजच्या लॅबमध्ये तिनं ते स्वतः घातलं आणि मैत्रिणीला मागून हातगाडी ढकलायला लावली. चाळीस वेळा. चाळीसही वेळा खांदा थरथरला. तिच्या गाइड नीला मॅडम म्हणाल्या, "छान. आता प्रत्यक्ष जागेवर दोन महिने चाचणी घे, म्हणजे रिपोर्टला वजन येईल."

आता कुणीही विचारील, की बाई, ती जागा तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तू एकदा जाऊन बघितलीस का? नाही बघितली. ट्रकवाल्यांच्या यार्डात पोरीबाळींनी यायचं नाही, हा रुपरावांचा नियम. तिथली भाषा त्यांना ठाऊक होती. बहिऱ्या झालेल्या माणसालाही ती पोरीच्या कानी पडू नये असं वाटे. वैभवीनं लहानपणापासून तो नियम पाळला, आणि यंत्र करतानाही पाळला. यार्ड कसं आहे ते बापानं हातानं हवेत काढून दाखवलं, तिनं ते कागदावर उतरवलं. झालं. साधं पोलकं शिवायचं तरी माप घ्यायला माणसाला समोर उभं करतात.

एप्रिल लागला. रुपराव सकाळी जाकीट घालून जात, संध्याकाळी येत. दारात आले की हिरवा दिवा लागलेला दिसे.

"चाललं का बाबा?"

"एक नंबर."

"कितीदा थरथरलं?"

"लय वेळा. एकडाव त वाचलोच समज."

ती रोज वहीत लिहून ठेवी. बिघाड शून्य. तिला सगळ्यात आनंद झाला तो बॅटरीचा. तिच्या हिशेबानं बॅटरी एक दिवस टिकायला हवी होती, ती टिकत होती चार दिवस. तिनं रिपोर्टात त्यावर वेगळा परिच्छेद लिहिला, आलेख काढला, कमी वीज खाणारा प्रोग्राम कसा लिहिला ते समजावलं. नीला मॅडमनी त्या परिच्छेदाशेजारी लाल पेनानं 'उत्तम' लिहिलं. विभागाच्या प्रदर्शनात जाकिटाला पहिलं बक्षीस मिळालं. शामलाबाईंनी शेजारपाजारी बुंदी वाटली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मुकुंदरावांनी वैभवीलाच फोन केला. "मला ते चालताना एकदा बघू दे. मग मी वर ठामपणे लिहितो. तू ये. तुझ्याशिवाय मला कोण समजावणार?" साहेबानं बोलावलं म्हटल्यावर रुपरावांचा नियम त्या दिवसापुरता मोडला.

दुपारी चारला ती यार्डात पहिल्यांदा पाऊल टाकत होती. ऊन सेहेचाळीसचं. समोर नकाशातलं काहीच नव्हतं. नकाशात दोन ट्रक होते. इथे नऊ होते, आणि ट्रकांच्या मधून पोती घेतलेले हमाल मुंग्यांसारखे धावत होते. रुपराव ओट्यासमोर उभे होते. आणि त्यांच्या डोक्याला, मानेला गुंडाळलेला ओला पांढरा दुपट्टा पाठीवर कंबरेपर्यंत सोडलेला होता.

वैभवी जागच्या जागी थांबली. नागपुरात मार्च संपला की उन्हात काम करणारा कुठलाही माणूस ओला दुपट्टा घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. ती स्वतः कॉलेजात तोंड बांधून जात होती. सेन्सरचे दोन्ही डोळे त्या ओल्या कापडाखाली गेले होते. लॅबमध्ये पंखा होता.

"चला, करू या," मुकुंदराव म्हणाले. त्यांनी ड्रायव्हर धर्मेंद्रला खूण केली. "हळू आण. अन् नजर माझ्याकडे. मी हात केला की ब्रेक."

रुपराव पाठ करून उभे राहिले. ट्रक मागे येऊ लागला. दहा हात, सात हात, चार हात. रुपराव हलले नाहीत. मुकुंदरावांनी हात वर केला आणि धर्मेंद्रनं ब्रेक मारला. मग काचेतून डोकं काढून तो म्हणाला, "काकाजी त देवळातल्या खांबावानी उभे आहेत, साहेब."

वैभवी धावत वडिलांकडे गेली. जाकिटाचं बटण बंद होतं.

"बाबा, हे बंद कावून आहे?"

रुपरावांनी एकदा साहेबाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"कधीपासून बंद आहे?"

"तिसऱ्या दिवसापासून," रुपराव खाली मान घालून म्हणाले. "दुपट्टा पडला का थे थांबतच नाही वं. दिवसभर मुंगळे चावल्यावानी. अन् दुपट्टा नाही घेतला त मी उन्हानं पडन. संध्याकाळी घराच्या कोपऱ्यावर आलो का चालू करत होतो, आज इथं चालू करायचं ध्यानातच नाही आलं. तुले बरं वाटावं म्हणून."

चार दिवस टिकणारी बॅटरी. आलेख. लाल पेनातलं 'उत्तम'. वैभवीच्या डोक्यात हे सगळं एका ओळीत आलं. (पुढे तिनं नीला मॅडमना खरं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "रिपोर्ट गेला गं युनिव्हर्सिटीत. आता मागवला तर तुझं वर्ष जाईल." वैभवीनं रिपोर्ट मागवला नाही, आणि वर्ष वाचलं.)

पण त्या क्षणी तिला वाटलं, अजून वेळ आहे. कापड आड आलं, एवढंच तर झालं. तिनं दुपट्टा काढून घेतला, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. "सर, पुन्हा एकदा. आता होते बघा."

मुकुंदरावांनी घड्याळ पाहिलं आणि धर्मेंद्रला गाडी पुढे घ्यायला सांगितलं.

रुपराव पुन्हा पाठ करून उभे राहिले. एक हमाल पोतं घेऊन मागून गेला; खांदे थरथरले, रुपराव उडी मारून बाजूला झाले. परत जागेवर आले. दुसरा हमाल गेला, पुन्हा उडी. पलीकडच्या ट्रकचं फाळकं उघडलं, पुन्हा.

"रुपरावभाऊ, वरातीत चाललात का गा?" एक हमाल ओरडला आणि सगळे हसले. रुपरावांना ऐकू आलं नाही, पण हसणं दिसलं. तेही हसले. त्यांना वाटलं, चाचणी चांगली चालली असावी.

वैभवी मात्र हसली नाही. तिला आता कळत होतं. जाकिटाला माणूस आणि ट्रक यातला फरक माहीत नव्हता. तिनं तो शिकवलाच नव्हता, कारण तिच्या नकाशात हमाल नव्हते. चौथ्या वेळी खांदे थरथरले तेव्हा रुपरावांनी नुसता पाय हलवला. पाचव्या वेळी तेवढाही नाही. माणूसच तो, शंभरदा खोट्या निघालेल्या इशाऱ्यावर किती उड्या मारेल?

मग धर्मेंद्रनं गाडी मागे घेतली. खांदे थरथरत होते, वैभवीला लांबूनही जाकिटाचं कापड हललेलं दिसत होतं. रुपराव तिच्याकडे तोंड करून, हिरवा दिवा दाखवत, हसत उभे होते. ट्रक त्यांच्या पाठीपासून एका हातावर थांबला.

मुकुंदराव वैभवीला बाजूला घेऊन गेले. "बघितलंस ना? आता मी वर काय लिहू?"

"सर, पंधरा दिवस द्या. कॅमेरा लावते. ट्रक आणि माणूस वेगळा ओळखता येतो कॅमेऱ्याला. प्रोग्राम मोठा होईल, पण होते."

"होईलही. पण ते पंधरा दिवस रुपरावजी उभे कुठे राहतील? इथेच ना?"

वैभवीनं त्या नऊ ट्रकांवरून नजर फिरवली.

"उद्यापासून येऊ नका म्हणावं," मुकुंदराव हळू म्हणाले. "त्यांचं जे काही निघतं ते मी घरी पाठवतो. तूच सांग त्यांना. मी सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल, सगळ्यांदेखत. सव्वीस वर्षांच्या माणसाला ते बरं नाही दिसत."

घरी गेल्यावर सांगू, असं वैभवीनं ठरवलं. पण रुपराव लांबून हात हलवून विचारत होते, झालं का? तिनं 'थांबा' अशी खूण केली. त्यांना वाटलं, पुन्हा एकदा करायचं आहे. त्यांनी धर्मेंद्रला गाडी पुढे घेऊन परत आणायला हात केला आणि पाठ करून, ताठ उभे राहिले. धर्मेंद्रनं गाडी पुढे घेतली. साहेबाचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. ट्रकचे मागचे दिवे लागले.

वैभवी धर्मेंद्रला हातानं थांबवत पळत जाऊन वडिलांच्या समोर उभी राहिली. "बाबा, बस झालं, हटा."

"अं?"

"झाली चाचणी. घरी चाला."

"पास ना? काय म्हणे साहेब?"

"घरी सांगतो."

"अं? हळू नको बोलू वं, समजत नाही. पास का?"

मग ती ओरडली. बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडली. "नापास, बाबा. उद्यापासून येऊ नका म्हणते साहेब."

हमाल पोती खांद्यावर घेऊन उभे राहिले. धर्मेंद्रनं इंजिन बंद केलं. यार्ड एकाएकी इतकं शांत झालं की अमरावती रोडवरच्या गाड्या ऐकू येऊ लागल्या, अर्थात ज्यांना येत होत्या त्यांना.

रुपरावांनी इकडे तिकडे पाहिलं. मग तिच्या हातातला दुपट्टा घेतला.

"हळू बोल ना वं," ते म्हणाले. "आलं ऐकू."

त्यांनी जाकीट उतरवून तिच्याकडे दिलं आणि जेवणाचा डबा आणायला ओट्यामागे गेले. ट्रक तिथेच तिरपा उभा होता. तो आता कुणी लावायचा यावर हमालांत वाद सुरू झाला.